सुगीतला हक्कांचा कागद

आटपाडीकडची नवी ज्वारी घरात आली की दोन दिवस मी स्वयंपाकघरात उगाच घुटमळत राहते. पोत्याची सुतळी सोडायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि मूठ भरून नाकाशी न्यायची. सुनेला वाटतं, सासूबाई दाणा पारखतायत. दाणा पारखण्याची अक्कल मला सत्तरीला आले तरी आलेली नाही. मी आपली वास घेते. तापल्या मातीचा, कडब्याचा, आणि तळाशी कुठंतरी बसलेला, नाकाला खाजवणारा, कणसावरच्या बारीक कुसाचा वास. सांगलीत तिसऱ्या मजल्यावर, गॅसच्या शेगडीशेजारी, माझ्याकडे सुगी अशी मुठीतून येते.

यंदा पोतं आलं त्याच दिवशी नातीनं फ्रीजच्या दारावर एक रंगीत कागद चिकटवला. वर ठळक अक्षरांत ‘मुलांचे हक्क’, खाली हात धरून गोल उभी राहिलेली मुलं. नात चौथीत आहे. रात्रीच्या जेवणाला दोडका होता.

“आजी, मला मत मांडायचा हक्क आहे,” ती म्हणाली. “माझं मत असं आहे की दोडका ही भाजीच नाही.”

“छान मत आहे. आता खा.”

“तुमच्या वेळी शाळेत हक्क शिकवायचेच नाहीत ना?”

“शिकवायचे की. मीच शिकवायचे.”

तिनं माझ्याकडे असं काही पाहिलं की जणू दोडक्यानंच तोंड उघडलं असावं. तिचं चुकलं नाही. बावीस वर्षांची ती बाई आज माझ्यासमोर आली तर मीही तिच्याकडे असंच पाहीन.

कशी होती ती? माधवनगरच्या गिरणीच्या चाळीत वाढलेली. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, नळाला पाणी आलं की बादली लावायची. डी.एड. झाली, नोकरीचा कागद आला आणि आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर ही जग बदलायला निघाली. वाडीचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांकडेही आता फोन आहेत आणि ती माझ्यापेक्षा जास्त वाचतात. ट्रंकेत सहा सुती साड्या, एक रेशमी, एक आरसा आणि एक जाड वही. वहीवर ‘नवे विचार’ असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं. आत तीन विचार होते. त्यातले दोन प्राचार्यांच्या भाषणातून उतरवलेले, आणि तिसरा अर्धवट.

शाळेच्या दोन खोल्या होत्या, पुढं एक लिंब आणि मागं उघडा माळ. एकतीस पोरं आणि आम्ही दोन शिक्षक. हेडगुरुजी पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांच्या टेबलाच्या कडेला एक छडी आडवी पडलेली असे. तिला ते हात फारसा लावत नसत, पण ती तिथं आहे हे एकतीस जणांना पाठ होतं. वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं हिंडणारी. अलीकडं थोडी जमीन धरून शेती करू लागलेली. दिवाळी झाली की बाप्ये मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाकडं उतरत, आणि मागं वाडीत बायका, म्हातारी माणसं आणि आमची शाळा उरे.

सुगीत तीही उरत नसे. माघात ज्वारी पिवळी पडायला लागली की पटावरची पोरं दाणे सांडावेत तशी शिवारात सांडत. कुणी पाखरं हाकायला गोफण घेऊन माच्यावर, कुणी भाकरी पोचवायला, कुणी धाकट्याला सांभाळायला. सकाळी हजेरी घेताना मी नाव पुकारायचे आणि उत्तर खिडकीबाहेरून, दूर कुठल्यातरी माच्यावरून यायचं, “हाऽऽ हुर्रेऽ!” ते पाखरांसाठी असायचं. मी मात्र चिडून खाडा मांडायचे.

ते बालकवर्ष होतं. एकोणऐंशी साल. वरून परिपत्रक आलं की मुलांना त्यांच्या हक्कांची ओळख करून द्यावी. हेडगुरुजींनी ते वाचलं, घडी घातली आणि फाईलला लावलं. त्यांच्या दृष्टीनं ओळख झाली. माझ्या दृष्टीनं माझ्या आयुष्याला आज सुरुवात झाली.

मी सहा हक्क काढले. पोटभर जेवणाचा, खेळण्याचा, शिकण्याचा, आजारात औषध मिळण्याचा, मार न खाण्याचा, आणि सहावा, माझा लाडका, आपलं म्हणणं मांडण्याचा. फळ्यावर लिहिले. पाढ्यासारखे म्हणून घेतले. पोरांना चाल आवडली; अख्खा वर्ग ‘मार न खाण्याचाऽ हक्क’ म्हणताना गुरुजींच्या टेबलाकडं बघत जोरात ओरडायचा. शाळेत झालं, पण घरी? घरी आईबापांना कोण सांगणार? तेव्हा माझ्या डोक्यात तो विचार आला, जो वहीत चौथा म्हणून लिहिलाही.

चार रात्री बसून, कार्बन लावून, मी एकतीस कागद केले. प्रत्येकावर सहा हक्क आणि खाली ओळ: ‘वरील हक्क मी माझ्या पाल्यास देईन.’ त्याखाली सहीला जागा. अक्षराचा मला गर्व होता, त्यामुळं ‘पाल्यास’ मधला ‘ल्या’ मी फार देखणा काढला होता.

“हा कागद घरी वाचून दाखवायचा,” मी पोरांना सांगितलं, “आणि उद्या सही करून आणायचा. सही येत नसेल तर अंगठा. शाई नसली तर तव्याचं काळं लावा.”

तव्याच्या काळ्याची युक्ती सुचली म्हणून मी स्वतःवर खूश झाले होते, हेही लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणी आलं नाही.

सुगी म्हटली तरी दहाबारा पोरं यायचीच. त्या दिवशी एकही नाही. मी घंटा दिली, पुन्हा दिली. लिंबावर होले घुमत होते. मी दारात उभी राहून हजेरीपट छातीशी धरला होता. समोरून एक बाई डोक्यावर भारा घेऊन चालली होती. मला पाहिलं आणि तिनं वाट सोडून नांगरटीतून चालायला सुरुवात केली.

गुरुजी आले, रिकाम्या खोलीकडं बघितलं, कागदाची एक प्रत उचलली आणि खालची ओळ वाचली. मग कागद माझ्यासमोर धरला.

“बाई, तीन वर्षांमागं तुम्ही कुठं होता?”

“सांगलीत. डी.एड.ला.”

“मग तुम्हाला ठाऊक नसणार. तेव्हा असेच कागद होते. असेच अंगठे. नसबंदीच्या मोहिमेत मास्तर लोकांना माणसं आणायला लावली होती.” त्यांनी कागद उलटा ठेवला. “मी चार आणली. त्यातल्या एकाचं लग्न व्हायचं होतं अजून. तो आजही माझ्यासमोरून जाताना मान वळवतो.”

मी म्हणाले, “पण यात तर मुलांचे हक्क आहेत!”

“तुम्ही चांगलंच लिहिलंय. पण ह्या वाडीत शाळेतून कागद आला आणि खाली अंगठा मागितला, एवढंच वाचता येतं.” मग नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, “हक्क शिकवलेत आणि पोरांचा शाळेत यायचा हक्कच घालवलात.”

त्या संध्याकाळी गुरुजी बिरोबाच्या देवळापुढं गेले. मी मागं, चोरासारखी. जमलेल्या माणसांसमोर त्यांनी एकेक हक्क मोठ्यानं वाचला आणि शेवटी खालची अंगठ्याची पट्टी फाडून टाकली. फाटल्याचा आवाज झाला तसं कुणीतरी खोकलं, कुणी तंबाखू झटकली, आणि वातावरण सैल झालं. एक म्हातारबा म्हणाला, “खेळायचा हक्क म्हंता? मग मेंढरं काय सायेब राखनार?” सगळे हसले. हसू आलं म्हणजे माफी झाली, हे मला तिथं राहून समजलं. गर्दीच्या मागं एक तरुण माणूस उभा होता, त्या साली मेंढरांबरोबर खाली न उतरलेला. तो हसला नाही. गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं, आणि या खेपेला त्यानं मान वळवली नाही, एवढंच.

पोरं परत आली. तीस. एकतिसावी तानी आली नाही.

तानी चौथीत होती. चौथीत तीन मुली, आणि तिघींत हुशार ही. गणिताला तिच्या बोटांना खडू लागायचा नाही, तोंडीच उत्तर द्यायची, आणि वर “सोपं हुतं की” म्हणायची. पाच-सहा आठवड्यांवर चौथीची परीक्षा आली होती. ती दिली नाही, तर पाचवीचा प्रश्नच मिटला. आणि पाचवीचा मिटला की पुढचं सगळं कुठल्या वाटेनं जातं ते त्या वाडीत कुणालाही सांगता आलं असतं. मला वाटलं, तिच्या घरची अजून कागदाला भ्यालीत. त्या एका कागदापायी एक मुलगी जायची होती. मी पट्टी फाडलेला कागद कमरेला खोचला आणि दुपारी तिच्या शेताकडं निघाले.

ज्वारी काढतात ती मुळासकट, उपटून. हे मला तोवर माहीत नव्हतं. पुरुषभर उंचीची पिवळी ताटं, त्यांची सळसळ, आणि मधून मुळं सुटल्याचा फट्‌ फट्‌ आवाज. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधलेली, आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून तानी बसलेली. झोळीत तिचा भाऊ म्हादू, सात-आठ महिन्यांचा. बाप मेंढरांमागं गेलेला. शेतात आई आणि आजी. आजीला सगळी सखूआज्जी म्हणत. काटक, कमरेत वाकलेली, आणि काम करताना ते वाकणं उपयोगी पडावं अशी.

“आलासा व्हय बाई? हुबं ऱ्हाऊ नगासा. ती कडची पात धरा.”

“मी तानीबद्दल बोलायला आले होते.”

“बोला की. उपटताना तोंड मोकळंच असतंय.”

मी पदर खोचला आणि पहिलं ताट दोन्ही हातांनी धरून ओढलं. ताट जागचं हललं नाही, मी मात्र मागं बसले. तानी बाभळीखालून खिदळली. “बाई, खाली धरा. मुळाजवळ. आन् तिरकं वढा.” मी खाली धरलं, तिरकं ओढलं, आणि ताट आलं. पानांच्या कडा हाताला सपासप लागत होत्या. कूस मानेवरून पाठीत उतरलं. दहा ताटांत तळहात लाल झाले, वीस ताटांत मी सहा हक्कांपैकी चार विसरले.

“त्यो कागद हाय न्हवं? वाचा,” सखूआज्जी म्हणाली.

मी कंबर सरळ करायची संधी साधून कागद काढला. ती हात न थांबवता ऐकत होती. पोटभर जेवणाचा. “बरं हाय.” खेळण्याचा. “खेळत्याती की, वासरागत.” शिकण्याचा. “हं.” औषधाचा. “दवाखाना आटपाडीला. त्यो हक्क आनायला येस्टीनं जावं लागतंय.” मार न खाण्याचा. “ह्यो गुरुजींला वाचून दावला का?” मी सहावा वाचला. आपलं म्हणणं मांडण्याचा.

तिचे हात थांबले. “म्हंजी?”

“म्हणजे मुलांबद्दल काही ठरवायचं तर मुलांना विचारायचं.”

“आन् पोरगं काय म्हनंल त्ये?”

“ऐकायचं,” मी म्हणाले. वर्गातला आवाज काढून म्हणाले.

सखूआज्जीनं मूठभर ताटं खाली ठेवली. “मला तर बाई, कुनी कवाच इचारलं न्हाई. लगीन केलं तवा न्हाई, मेंढरांमागं धाडलं तवा न्हाई. चांगलं हाय ह्ये.” मग हाक मारली, “तानेऽ! हिकडं ये.”

तानी दोरी बाभळीला गुंडाळून आली.

“तुला साळंत जायाचं का न्हाई? बाई म्हनत्यात, तुला इचाराया पायजे. सांग.”

मी मनातल्या मनात पेढे वाटले. असा क्षण प्राचार्यांच्या भाषणातही नव्हता. उन्हात, ज्वारीच्या रानात, एका मुलीला पहिल्यांदा विचारलं जात होतं, आणि ते माझ्यामुळं. तानीनं पायानं एक ढेकूळ फोडलं.

“न्हाई जायाचं,” ती म्हणाली.

“अगं!” मी ओरडले. “तिला काय कळतंय! दहा वर्षांची पोर ती!”

“आवं बाई,” सखूआज्जी शांतपणे म्हणाली, “आत्ता म्हनलासा न्हवं, ऐकायचं? आपल्याला गोड लागलं न्हाई म्हनून ऐकायचं न्हाई व्हय?”

या प्रश्नाचं उत्तर मी पुढं छत्तीस वर्षं नोकरीत आणि नंतर घरात शोधत राहिले. मुलांचं ऐकायचं, हे म्हणणं सोपं असतं तोवर, जोवर त्यांचं म्हणणं आपल्यासारखं असतं. नात दोडका नको म्हणते तेव्हा मी तिच्या हक्काला हसते. मोठेपणी ती काही मोठं नको म्हणेल तेव्हा मी काय करीन, मला ठाऊक नाही. पण त्या दुपारी एवढा विचार करायला सवड नव्हती. मी तानीसमोर खाली बसले.

“का गं, तानी? आपण त्या कागदाची पट्टी फाडून टाकली. आता कसली भीती?”

“कागदाचं काय न्हाई.”

“मग?”

ती आज्जीकडं बघून बोलली, माझ्याकडं नाही. “साळंत जाऊन बी पानीच आनायचं. मग घरचंच आनीन की.”

इथवर मी एक गोष्ट तुमच्यापासून शिताफीनं लपवली, ती आता सांगावी लागणार. माझं पाणी तानी भरायची. देवळाजवळच्या आडावरून सकाळी दोन घागरी, माझ्या खोलीच्या रांजणात. मी सांगितलं नव्हतं. वाडीत पद्धतच होती. गुरुजींचं पाणी पोरगे आणत, बाईचं पोरी. हुशार पोरीला तो मान मिळे. मी ‘शहाणी माझी’ म्हणून तिचा गाल धरायचे आणि त्या पाण्यानं तोंड धुऊन हक्क शिकवायला जायचे. बरं, एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. माझं भरून, मग घरचं भरून, म्हादूला आजीच्या हवाली करून ती प्रार्थनेनंतर शाळेत पोचायची, आणि उशिरा आली म्हणून मी तिला भिंतीशी उभी करायचे. ‘वेळेचं महत्त्व’ हा माझ्या वहीतला तिसरा विचार, तो अर्धवट.

मी परत ज्वारीला हात घातला. कडेची ती ओळ, माझ्या वाट्याची पात, तेवढी पुरी केली. वाटलं, निदान ती तरी करावी. निघताना सखूआज्जी म्हणाली, “हाताला त्याल लावा.” तिच्या सुनेनं, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, कणसं मोडता मोडता माझ्याकडं पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. हसू लपवायला असावा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घागर घेऊन आडावर गेले. नळाच्या चाळीत वाढलेली मी. पोहरा खोल सोडायचा असतो आणि पाण्याला टेकल्यावर हिसका देऊन आडवा करायचा असतो, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. माझा पोहरा पाण्यावर बदकासारखा तरंगत राहिला. बायकांना त्या साली दुसरी करमणूक नव्हती.

“आवं बाई, लय वाकू नगासा! तुमच्याबरूबर हक्क बी आडात पडत्याल!”

“कागद वाचून दावा पोहऱ्याला, भरंल त्यो!”

तानी तिथंच होती, स्वतःची घागर घेऊन. तिनं माझ्याकडं पाहिलं, आपली घागर भरली, चुंबळीवर ठेवली आणि गेली. मला हात लावला नाही. त्याबद्दल मी आजही तिचा मान राखते. तिनं तेव्हा धावून येऊन पोहरा भरला असता तर मी पुन्हा ‘शहाणी माझी’ म्हणाले असते, आणि सगळं होतं तिथं गेलं असतं.

अर्ध्या घागरीनं परतले, साडी निम्मी भिजलेली. गुरुजी दारात दात घासत होते. त्यांनी बघितलं आणि आत गेले. दोन दिवसांनी पाहते तर गुरुजी स्वतःची कळशी घेऊन आडावर. बाप्या माणूस आडावर पाण्याला आला म्हणून बायकांनी पदर तोंडात कोंबले. पोरग्यांना मात्र काय वाटलं, कुणास ठाऊक. त्यांनी गुरुजींची कळशी पळवायचा प्रयत्न केला आणि गुरुजींनी छडीशिवाय पहिल्यांदाच त्यांना पळवून लावलं.

असे चार आठवडे गेले. माळावरच्या खळ्यांत मळण्या सुरू झाल्या. बैल गोल फिरायचे, वारा सुटला की बायका तिवईवर चढून उपणायला उभ्या राहायच्या आणि वाडीवर सोनेरी भुसा उडायचा. शाईच्या दौतीत भुसा, भाकरीत भुसा, हजेरीपटाच्या पानांत भुसा. तानीच्या नावापुढं खाडे वाढत होते. मी रोज आडावर जायचे आणि शाळेबद्दल चकार शब्द काढायचे नाही. बोलण्याचा मोह मी आयुष्यात एवढा कधी आवरला नाही; माझे यजमान असते तर त्यांनी साक्ष दिली असती की नंतर तर मुळीच नाही.

मग एका सकाळी, मी पोहरा ओढत असताना, शेजारून आवाज आला. “बाई, दोर पायाखाली दाबत जावा. मग हात भाजत न्हाई.”

मी दोर पायाखाली दाबला. खरंच हात सुटा झाला.

“परीक्षा कवा हाय?” तिनं घागरीच्या तोंडाला विचारलं.

“येत्या सोमवारी. केंद्रशाळेत.” ते दीड कोसावरचं मोठं गाव.

“अब्यास केलाय मी. गनिताचा. म्हादू निजला की.” मग म्हणाली, “आज्जी म्हनती, जा वाटलं तर. पर खळं हाय. म्हादूला कोन बघनार?”

“मी,” मी म्हणाले. बावीस वर्षांच्या त्या बाईनं न विचार करता उच्चारलेलं एकुलतं एक शहाणं वाक्य.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी गोड शेवटाची वाट बघायला नको. जूनमध्ये माझी बदली कोयनानगरला झाली; घाटातल्या वळणांनी आणि भूकंपाच्या धक्क्यांत रात्री हलणाऱ्या भांड्यांनी मला बरीच वर्षं दुसरं काही सुचू दिलं नाही. तानी पास झाली, पाचवीला केंद्रशाळेत जाऊ लागली, एवढं गुरुजींच्या पत्रातून कळलं. सहावीचं पत्र आलं नाही. ती पुढं शिकली, की मेंढरांमागं गेली, की लवकर उजवली, मला माहीत नाही. कधीकधी बाजारात आटपाडीकडची बाई दिसली की मी तिच्या चेहऱ्यात शोधते, मग मला आठवतं की ती आता साठीच्या जवळ असेल आणि मी तिला ओळखणार नाही. ज्वारीचा वास घेते, तो ह्यापायीही असेल.

तर तो सोमवार. मी ट्रंकेतली रेशमी साडी नेसले होते, कारण केंद्रशाळेत दहा गावचे शिक्षक येणार. आणि कडेवर म्हादू. वाडीतून चौथीची सात पोरं पुढं, पाट्या-दप्तरं हलवत, आणि मागून मी. वाटेत त्यानं माझा अंबाडा सोडला, चष्मा ओढला. गावात शिरलो तेव्हा ओट्यावरची माणसं बोलायची थांबली. लग्न न झालेली बाई, रेशमी साडी, कडेला पोर. माझ्या वडलांनी त्याच महिन्यात तिकडच्या एका स्थळाशी बोलणं लावलं होतं. ते स्थळ नंतर का आलं नाही हे घरात कुणालाच कळलं नाही, आणि मीही उगाच कुणाचा गैरसमज दूर केला नाही.

पेपर सुरू झाला. पोरं तरटांवर ओळीत बसली. मी बाहेर, व्हरांड्याच्या खिडकीशी. पहिला तास बरा गेला. म्हादू झोपला, मी पाय पसरले, अभिमानानं इकडंतिकडं पाहिलं. मग तो उठला, माझा चेहरा बघितला आणि रडायला लागला. साधं नाही, वाडीतल्या पोरांना माळावरून आईपर्यंत आवाज पोचवायची सवय असते. मी त्याला मांडीवर हलवलं. खुळखुळा म्हणून किल्ल्या दिल्या. उभी राहिले, बसले, ‘चांदोबा’ म्हणाले, भर अकरा वाजता. रेशमी साडीवर ऊबदार ओल पसरली. आत पेन्सिली थांबू लागल्या.

खिडकीतून पाहिलं तर तानी तरटावरून अर्धी उठली होती. एक गुडघा जमिनीला, हात पेपरावर. पेपर अर्धा कोरा. तिची नजर दाराकडं होती. मला माहीत होतं, ती निघणार. सात-आठ महिने त्या रडण्यावर ती उठत आली होती. गणित राहू दे, कसलंही काम राहू दे, उठायचं. मी खिडकीतून मान हलवली, नको, नको, आणि म्हादूला आणखी घट्ट धरलं. तो आणखी ओरडला.

तेव्हा तिनं दोन्ही हात वर केले. हवेत एक पोर धरलं, उताणं नाही, पालथं, खांद्यावर, आणि पाठीवर थापटून दाखवलं. एकदा. पुन्हा, सावकाश, माझ्यासारख्या मंद मुलीला समजेल असं.

“ए पोरी!” पर्यवेक्षक गुरुजी कडाडले. “खिडकीतनं कुणाला खुणा करतीस? बाई उत्तरं सांगत्यात व्हय? दे तो पेपर हिकडं!”

तानीनं पेपर पोटाशी धरला. “न्हाई गुरुजी,” ती मोठ्यानं म्हणाली. “बाईला पोरगं धराय येत न्हाई.”

सगळी खोली हसली. पर्यवेक्षकांनी खिडकीतून बाहेर बघितलं: सुटलेला अंबाडा, वाकडा चष्मा, ओली रेशमी साडी. ते बघून त्यांनी पुढं केलेला हात मागं घेतला. मी म्हादूला पालथा केला, खांद्यावर टाकला आणि सांगितल्याप्रमाणे थापटलं. दोन हुंदके आले, मग एक ढेकर, मग काही नाही.

तानी हसली नव्हती. ती आणखी थोडा वेळ तशीच राहिली, कान देऊन. मग खाली बसली, पेपर मांडीवर सरळ केला, पेन्सिलीच्या टोकाला जीभ लावली आणि लिहायला लागली.